ज्वालामुखी, ५४९ रुपये

पुण्याहून दौंडला जाणारी गाडी यवत सोडून पुढे निघाली, की खिडकीतून उसाच्या फडांवर चढणारे धुराचे पट्टे दिसू लागतात. ती गुऱ्हाळं. खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस अशी स्टेशनं घेत गाडी दौंडला पोचते. तिथे रुळांखालून जाणारा एक रस्ता आहे, त्याचं नाव 'कुरकुंभ मोरी'. मोरी म्हणजे आपली न्हाणीघरातली मोरी नव्हे बरं का! रुळांखालच्या वाटेलाही मोरीच म्हणतात. या मोरीतून पलीकडे गेलं, की नाकासमोरचा रस्ता कुरकुंभला जातो.

नकाशात कुरकुंभ शोधाल तर तुम्हांला एक फुली दिसेल. पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग आडवा, आणि दौंडहून बारामतीला जाणारा रस्ता उभा. फुलीच्या मधोमध गाव. एकीकडे फिरंगाई देवीचा डोंगर, दुसरीकडे एम.आय.डी.सी.तले औषधांचे नि रसायनांचे कारखाने. नवरात्रात देवीला गर्दी लोटते. एरवी गर्दी असते ती टँकरची, ट्रकची, आणि पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला निघालेल्या गाड्यांची. त्या गाड्यांतल्या माणसांना भूक लागते, त्यामुळे महामार्गाच्या कडेला हॉटेलांची रांग आहे.

आमची ताई कुरकुंभला राहते. दाजी तिथल्याच एका कारखान्यात पाळीवर जातात. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावर मी दोन दिवस त्यांच्याकडे गेलो होतो. चपला काढतोय तोच सहावीतली भाची पुढ्यात येऊन उभी.

"मामा, तुझ्याकडे पंचाहत्तर रुपये आहेत का?"

"आहेत की. कशाला?"

"ज्वालामुखीला कमी पडतायत."

आता हा ज्वालामुखी काय प्रकार आहे, ते आधी सांगतो. महामार्गावर नव्यानं एक हॉटेल निघालंय. नाव काही मी सांगणार नाही, कारण अशी हॉटेलं आता जागोजागी आहेत. तुमच्याही गावाजवळ एखादं असेलच. त्याला म्हणतात 'थीम'चं हॉटेल. म्हणजे नुसतं टेबल-खुर्ची न मांडता एखादा देखावा उभा करायचा. कुठे आगगाडीचा डबा, कुठे किल्ला, कुठे जंगल. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात मध्य रेल्वेनं २०२१ साली खरोखरच्या जुन्या डब्यात हॉटेल सुरू केलं होतं. कुरकुंभजवळच्या या हॉटेलात देखावा होता 'आपल्या गावा'चा. आणि तिथे जेवणानंतर मिळणाऱ्या गोड पदार्थाचं नाव ज्वालामुखी. किंमत ५४९ रुपये!

"वर्गात सगळ्यांनी खाल्लाय," भाची म्हणाली.

हे 'सगळ्यांनी' म्हणजे किती जणांनी, ते पुढे कळेलच.

तिचा हिशेब चोख होता. सख्ख्या भावाची ओवाळणी १०१, दोन चुलतभावांचे शंभर-शंभर, आणि आतेभावाचे २००. एकूण ५०१ रुपये. ज्वालामुखीचे ५४९, त्यावर पाच टक्के कर सत्तावीस रुपये पंचेचाळीस पैसे, म्हणजे जवळजवळ ५७६. पंचाहत्तर कमी.

दाजी पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "तेवढ्यात किलोभर श्रीखंड येतंय. घरातल्या सगळ्यांनी पोटभर खाऊन उरंल."

नववीतला भाचा म्हणाला, "त्यात माझे एकशे एक आहेत. मला वाटा पाहिजे."

"ओवाळणी परत मागतात का?" ताई ओरडली.

माझ्यापुढे प्रश्न पडला. पैसे तिचे होते, हक्काचे होते. पण दाजींचंही खोटं नव्हतं. पाळीवर उभं राहून पैसे मिळवणाऱ्या माणसाला एका ताटलीचे पावणेसहाशे खुपणारच. शेवटी मी एक तोडगा काढला. उरलेले पंचाहत्तर मी घालीन, पण एका अटीवर. भाच्यानं वही-पेन आणि घड्याळ घेऊन यायचं. ज्वालामुखीचा आम्ही पंचनामा करणार! आजीलाही सोबत न्यायचं ठरलं. आजी म्हणजे दाजींच्या आई. त्या दोन वेळा 'मला काय करायचंय' म्हणाल्या आणि तिसऱ्या वेळी नवं लुगडं नेसून तयार झाल्या.

हॉटेलच्या दारातच बैलगाडी. बैल सिमेंटचे. पुढे विहीर, तिच्यावर मोट. विहिरीत पाण्याऐवजी निळा दिवा. एका कोपऱ्यात जातं, आणि जात्याशी फोटो काढायला ही रांग! पुण्याकडची एक बाई खुंटा धरून बसली होती, तिचा नवरा फोटो काढत होता.

आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "पाव्हणं, लगीन झाल्यापास्नं वीस वरसं दळलं मी. गावात गिरणी आली त्या दिवशी नारळ फोडला होता. आन् आता लोक पैसं देऊन जात्यापाशी बसत्यात!"

असं म्हणून त्या पुढे झाल्या. त्या बाईचा खुंट्यावरचा हात चुकला होता तो नीट करून दिला आणि स्वतःचाही एक फोटो काढून घेतला.

जेवण साधंच घेतलं. पिठलं, भाकरी, ठेचा. ते बरं होतं, आणि त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मग भाचीनं ज्वालामुखी मागवला.

आधी आतून चर्रर्र असा आवाज आला. मग हॉटेलातले दिवे थोडे मंद झाले. पांढरा फेटा बांधलेला एक वाढपी लाकडी पाटावर बिडाची काळी ताटली घेऊन आला. ताटलीत ब्राउनीचा, म्हणजे चॉकलेटच्या घट्ट केकचा, डोंगर. डोंगराच्या माथ्यावर आइस्क्रीमचे दोन गोळे. त्यानं हातातल्या भांड्यातून गरम चॉकलेटचा रस वरून सोडला, आणि काय सांगू दोस्तांनो! रस ताटलीवर पडताच धूर, फसफस, बुडबुडे. आजूबाजूच्या टेबलांवरची सगळी डोकी आमच्याकडे वळली. भाचीचा चेहरा असा काही फुलला होता की विचारू नका. आजींनी तर हात जोडले.

भाच्यानं घड्याळ लावलं होतं. फसफस थांबायला लागले अडतीस सेकंद.

हे होतं कसं? पाणी शंभर अंशांना उकळतं, हे तुम्हांला शाळेत शिकवलेलंच आहे. बिडाची ताटली गॅसवर त्याहून कितीतरी जास्त तापवलेली असते. बीड जाड असतं, त्यामुळे खाली उतरवल्यावरही ते लवकर निवत नाही. चॉकलेटच्या रसात पाणी असतं, वितळणाऱ्या आइस्क्रीममध्येही असतं. ते ताटलीला लागताक्षणी त्याची वाफ होते आणि चर्रर्र आवाज येतो. आपल्या घरी कढईत फोडणी पडते तेव्हाचा आवाज हाच. फरक इतकाच, की फोडणीच्या वेळी कोणी दिवे मंद करत नाही.

वाफेबरोबर थोडा खराखुरा धूरही असतो. तो करपणाऱ्या साखरेचा आणि लोण्याचा. म्हणजे ज्या करामतीसाठी पैसे दिले, तीच पदार्थाला तळातून जाळत असते! भाचीनं आधी तीन फोटो काढले. चमचा घातला तेव्हा आइस्क्रीमचं दूध झालं होतं आणि ब्राउनीचा तळ ताटलीला घट्ट धरून बसला होता. मधला भाग मात्र छान लागत होता, गरम आणि मऊ. आम्ही चौघांनी मिळून पाच मिनिटांत ताटली रिकामी केली. तळाची खरवड आजींनी चमच्यानं काढली. त्या म्हणाल्या, "खरवड चांगलीय."

मग भाच्याची वही पुढे आली. दौंडच्या बेकरीत ब्राउनीचा एवढा तुकडा पन्नास रुपयांना मिळतो. आइस्क्रीमचे दोन गोळे चाळीस. रस वीस. वरचे काजूचे तुकडे दहा. झाले १२०. करसुद्धा बाजूला ठेवला तरी ५४९ वजा १२० म्हणजे ४२९ रुपये उरले. ते कसले?

"धुराचे," भाचा म्हणाला. त्यानं ४२९ ला ३८ नं भागलं. "सेकंदाला अकरा रुपये आणि वर थोडे पैसे. मामा, सिनेमाचं तिकीट दोनशे आणि सिनेमा अडीच तास धरला, तर सेकंदाला दोन पैसे पडतात!"

झालं, भाचीचं तोंड उतरलं. पण ती काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. क्षणभर विचार करून म्हणाली, "आणि तू दिवाळीत भुईनळे उडवलेस ते? एक तीस रुपयांना आणि अर्ध्या मिनिटात संपतो. सेकंदाला एक रुपया. आणि खायला तर काहीच मिळत नाही!"

भाचा गप्प. खरं सांगायचं तर मीही गप्प. भुईनळा महाग की स्वस्त, असं आपण कधी विचारतो का? तो बघण्यासाठीच असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्वालामुखीचा घोटाळा असा, की तो खाण्याच्या यादीत छापलेला असतो आणि निम्म्याहून अधिक पैसे घेतो ते बघण्याचे.

बिल घेऊन जो आला त्याला मी हसत विचारलं, "इतका महाग का हो?" तोही हसला. म्हणाला, "साहेब, जागेचं भाडं, वीज, आमचे पगार, ते सिमेंटचे बैल, सगळं त्यातच आलं. पिठल्यावर एवढे लावले तर लोक भांडतील. गोडावर भांडत नाहीत." मग आवाज खाली करून म्हणाला, "आणि एक टेबल मागवतं, चार टेबलं वळून बघतात. त्यातली दोन तरी मागवतात."

म्हणजे पाहा, पैसे देऊन खाल्ला आम्ही आणि त्या हॉटेलची जाहिरातही आम्हीच केली! त्यानं आपलं गुपित मोकळेपणानं सांगितलं, म्हणून मला तो माणूस आवडला.

याच सुमाराला शेजारच्या टेबलावर वाटीभर बिस्किटं आली. त्यांतून पांढरा धूर निघत होता. एक पाच-सहा वर्षांचा मुलगा बिस्किट तोंडात टाकून नाकातून धूर काढत होता आणि त्याचे आईवडील टाळ्या वाजवत होते. भाची म्हणाली, "मामा, तेपण...?"

इथे मात्र मी चटकन 'नाही' म्हणालो, आणि त्याचा पैशांशी काहीएक संबंध नव्हता.

ज्वालामुखीचा धूर तापलेल्या ताटलीचा. बिस्किटांचा धूर बहुतेक वेळा द्रवरूप नायट्रोजनचा असतो. नायट्रोजन म्हणजे काही विष नव्हे. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के तोच असतो. पण त्याचा द्रव करायचा तर त्याला शून्याखाली १९६ अंशांपर्यंत गार करावं लागतं. आपल्या घरच्या फ्रिजरमध्ये साधारण शून्याखाली १८ अंश असतात, यावरून कल्पना करा. स्वयंपाकघरात जाणत्या माणसानं हा द्रव वापरून आइस्क्रीम गोठवलं आणि सगळा द्रव उडून गेल्यावर ते वाढलं, तर काही बिघडत नाही. पण बिस्किटाच्या भोकात एखादा थेंब राहिला तर? जीभ आणि घसा भाजल्यासारखे होतात. द्रव पोटात गेला तर त्याचा वायू होऊन तो सातशे पट फुगतो. एक लिटरचे सातशे लिटर! पोट काही फुगा नाही.

२०१२ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर शहरात एका मुलीनं आपल्या अठराव्या वाढदिवशी असं धूर निघणारं पेय प्यायलं. तिचा जीव वाचवायला डॉक्टरांना तिचं जठर काढून टाकावं लागलं. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, दावणगेरेला, २०२४ साली असंच बिस्किट खाऊन एक लहान मुलगा कळवळला. त्यानंतर कर्नाटक सरकारनं खाद्यपदार्थ वाढताना द्रवरूप नायट्रोजन वापरायला बंदी घातली. कोरड्या बर्फाचीही गंमत नको. तो म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, शून्याखाली ७८ अंश. तो तर तोंडात घालायचाच नसतो. पदार्थातून गार धूर निघत असेल, तर तो पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही, आणि कशाचा धूर ते सांगता येत नसेल तर खायचाच नाही.

मी उठून त्या मुलाच्या वडिलांना हे सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. पण त्यांनी वाटी बाजूला सरकवली.

मेन्यूच्या शेवटच्या पानावर 'सोन्याची कुल्फी' होती. ती कोणी मागवताना दिसलं नाही, पण तिचाही हिशेब सांगून टाकतो, कारण तो फार गमतीचा आहे. मिठाईवर लावायचा सोन्याचा वर्ख साधारण एक मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका जाड असतो. आठ सेंटिमीटर लांब-रुंद अख्खा वर्ख घेतला, तरी त्यात सोनं भरतं सुमारे १२ मिलिग्रॅम. सोनं ग्रॅमला दहा हजार रुपये धरा. म्हणजे वर्खातलं सोनं १२० रुपयांचं! बरं, सोन्याला चव नाही, वास नाही, ते पचतही नाही. जसं आत जातं तसं बाहेर येतं. (कसं, ते तुम्हांला कळलंच असेल.)

अमेरिकेत न्यू यॉर्कला 'सेरेंडिपिटी ३' नावाचं हॉटेल आहे. त्यांनी २००४ साली सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम काढलं, किंमत हजार डॉलर. ते हवं असेल तर दोन दिवस आधी सांगावं लागे. २००७ साली त्यांनी पंचवीस हजार डॉलरचा चॉकलेटचा पदार्थ केला. त्याच्या पेल्याच्या बुडाशी हिऱ्यांची सोन्याची बांगडी, आणि ती खाणाऱ्यानं घरी न्यायची. याला गोड पदार्थ म्हणायचं की सराफाचं दुकान?

परत येताना आजी रिक्षात बोलू लागल्या. त्यांनी पहिल्यांदा आइस्क्रीम खाल्लं ते दौंडला एका लग्नात. लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ, मधे दुधाचा डबा, आणि दांडा फिरवून फिरवून पोरं घामाघूम. पॉटचं आइस्क्रीम! मिठामुळे बर्फ वितळताना शून्याच्याही पुष्कळ खाली गार होतो, म्हणून आतलं दूध गोठतं. "नवरा-नवरी बघाया कुणी नव्हतं," आजी म्हणाल्या, "समदे बादलीभवती."

म्हणजे हे वेड काही आजचं नाही. मुंबईतली एक गोष्ट सांगतात. १८३० नंतरच्या काळात अमेरिकेहून जहाजात भुसा घालून बर्फ मुंबईला येऊ लागला. सात समुद्र ओलांडून आलेला बर्फ! तेव्हा जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्याकडच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं. पुढे यजमानाला आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि 'मुंबई समाचार'नं त्याची बातमी केली! त्या काळी आइस्क्रीम म्हणजे आजच्या सोन्याच्या कुल्फीसारखाच थाट होता. आज ते पानाच्या टपरीशेजारीही मिळतं.

आणि आपली पुण्याची मस्तानी? उंच पेला, त्यात घट्ट दुधाचं सरबत, वर आइस्क्रीमचा गोळा, सुकामेवा, चेरी. नाव बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीचं. त्या मस्तानीची समाधी आपल्या पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात पाबळला आहे. ती वारली १७४० साली. तेव्हा पुण्यात आइस्क्रीम कुठलं असायला! म्हणजे नाव निव्वळ रुबाबासाठी. पण तो रुबाब टिकला, कारण पुणेकर दुसऱ्यांदा जातात, दहाव्यांदा जातात, ते पेल्याकडे बघायला नव्हे. मी भाचीला विचारलं, "पुन्हा पाचशे रुपये मिळाले तर पुन्हा ज्वालामुखी घेशील?"

ती काही बोलली नाही.

रात्री आम्ही गच्चीवर बसलो होतो. दूर कारखान्यांचे दिवे लागलेले. दाजी रात्रपाळीला गेले होते. भाची हळूच जवळ येऊन बसली.

"मामा, वर्गात काय सांगू?"

"काय म्हणजे? खाल्लास ते सांग."

"कसा होता म्हणून विचारतील ना. सगळ्या म्हणतात भारी होता. मी जर म्हटलं आइस्क्रीम वितळलं आणि तळ चिकटला, तर त्या म्हणतील हिला खाताच येत नाही. आणि बाबा म्हणतील, बघ, सांगत होतो."

मी चमकलो. दोस्तांनो, हा खरा महागडा भाग होता आणि तो भाच्याच्या वहीत नव्हता. वीस रुपयांची भेळ बेकार निघाली तर आपण लगेच बोंब मारतो. पण पावणेसहाशे दिल्यावर 'ठीकच होतं' असं म्हणायला जीभ वळत नाही. मग आपण म्हणतो भारी. ते ऐकून पुढची मुलगी पैसे जमवते. तिचाही तळ चिकटतो आणि तीही म्हणते भारी. मोठी माणसं तर यात तुमच्या पुढे आहेत. लग्नातल्या जेवणाबद्दल नि नव्या गाडीबद्दल ती काय बोलतात, ते एकदा कान देऊन ऐका.

मी तिला म्हटलं, "तुला काय आवडलं ते आधी सांग."

"धूर. आणि सगळे वळून बघत होते ते. आणि आजीनं हात जोडले ते." ती हसायला लागली. "आणि मधली ब्राउनी."

"मग एवढंच सांग. आणि नाही आवडलं तेही सांग. दोन्ही खरंच आहे की."

"आणि बाबा?"

"बाबांना मी बघतो."

दुसऱ्या दिवशी दाजी रात्रपाळी करून आले, दोन तास झोपले आणि मला केडगाव स्टेशनावर सोडायला निघाले. मुलंही बरोबर. पाटस मागे टाकून पुढे आलो तसा उसाचा पट्टा लागला, आणि दाजींनी एका ओळखीच्या गुऱ्हाळाशी गाडी थांबवली.

घाण्यातून उसाचा रस पडत होता. मोठ्या काहिलीत तो उकळत होता, खाली चुलाणात चिपाडं धडधडत होती. जंगली भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती एक जण झाऱ्यानं काढत होता. रस आटत आटत पिवळा, मग तांबूस झाला. बुडबुडे मोठे, जड. वाफेनं समोरचं माणूस दिसेना. गुळव्या मधेच थोडा पाक पाण्यात टाकायचा, बोटांनी चेपून बघायचा आणि मान हलवायचा. त्याच्यापाशी ना घड्याळ, ना तापमापक. एकदम त्यानं हाक दिली आणि सगळे काहिलीकडे धावले. काहील उतरवायला एका मिनिटाचा उशीर झाला तर गूळ करपतो. पाक वाफ्यात ओतला तेव्हा मोठा लोट उठला, आणि भाचा अगदी नकळत म्हणाला, "ज्वालामुखी!"

गुळव्यानं उसाचं कांडं पाकात बुडवून मुलांच्या हातात दिलं. गरम गूळ दातांना चिकटला. भाचीनं डोळे मिटले.

"याचे किती?" तिनं विचारलं.

गुळव्या हसला. "पोरांकडनं काय घ्यायचं?"

भाचा मात्र हिशेबी. त्यानं विचारलंच, रात्री कितीला उठता? "तीनला," गुळव्या म्हणाला. भाच्यानं ते वहीत लिहून घेतलं, पण भागाकार केला नाही.

दाजींनी दोन किलो गूळ आणि काकवीची एक बाटली पैसे देऊन घेतली. बाटली माझ्या पिशवीत घातली. परत गाडीकडे जाताना मी विषय काढला. म्हटलं, "दाजी, तुम्ही लहानपणी जत्रेत कशावर पैसे घालवले होते?" ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मौत का कुवा. मोटारसायकल भिंतीवर चालवत्यात ते. पाच वेळा पाहिला. घरी परत यायला एस.टी.चे पैसे उरले नव्हते." मागच्या सीटवर हशा पिकला. त्यानंतर त्यांनी श्रीखंडाचं नाव काढलं नाही.

सुट्टी संपली, शाळा उघडली. आठवड्यानं ताईचा फोन आला. भाचीनं वर्गात सगळं खरं खरं सांगून टाकलं होतं. एक मुलगी म्हणाली, असं होतच नाही. दुसरी गप्प बसली आणि मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, माझाही चिकटला होता. आणि ज्या 'सगळ्यांनी' तो खाल्ला होता, त्या निघाल्या एकूण दोघी. बाकीच्यांनी नुसते फोटो पाहिले होते.

"मग आता काय?" मी विचारलं. ताईनं फोन भाचीच्या हातात दिला.

"मामा, आम्ही चौघी मिळून जाणार आहोत. त्यांना धूर बघायचाय. प्रत्येकी एकशे चव्वेचाळीस येतात. आणि मी ठरवलंय, आइस्क्रीम वेगळ्या वाटीत द्या म्हणून आधीच सांगायचं. देतील ना रे?"